अनेक कॉम्प्लेक्स चलांचं गणित: कोल्हापुरात बसून सुरुवात कशी करायची

एम.एस्सी.ला कॉम्प्लेक्स ॲनालिसिस आवडलं, आता त्याच्या पुढचं काय वाचू, असं विचारणारी मुलं-मुली दर वर्षी भेटतात. त्यातल्या काहींनी ‘स्यूडोकॉन्व्हेक्स डोमेन’ हे नाव ऐकलेलं असतं, एखादं जाड पुस्तक उतरवून घेतलेलं असतं आणि चाळीस-पन्नास पानांनंतर ते मिटूनही ठेवलेलं असतं. पुस्तक वाईट नसतं. पण ज्या क्रमानं ते लिहिलेलं असतं, त्या क्रमानं हा विषय नवख्याच्या डोक्यात शिरत नाही.

माझं सांगणं एवढंच: इथं फंक्शनच्या आधी डोमेन शिकायचं. एका चलात प्रतलातलं कुठलंही डोमेन घ्या, त्याच्यावर असं एखादं होलोमॉर्फिक (म्हणजे कॉम्प्लेक्स अर्थानं डिफरन्शिएबल) फंक्शन मिळतंच, जे सीमेच्या पलीकडं कुठूनही नेता येत नाही. त्यामुळं डोमेनच्या आकाराकडं आपण लक्षच देत नाही. दोन चलं आली की ही चैन संपते. काही डोमेन अशी निघतात की त्यांच्यावरचं प्रत्येक होलोमॉर्फिक फंक्शन आपोआप मोठ्या डोमेनवर पसरतं. असं कुठं होतं आणि कुठं होत नाही, या एका प्रश्नात या विषयाची पहिली पन्नास वर्षं गेली. जिथं असं होत नाही तीच स्यूडोकॉन्व्हेक्स डोमेन. नेमकी व्याख्या सहाव्या-सातव्या पायरीत येईल.

खाली दोन चलांना झेड आणि डब्ल्यू म्हटलंय, आणि दोन कॉम्प्लेक्स मितींच्या अवकाशाला सगळे म्हणतात तसं सी-टू. सुरुवातीची जवळपास सगळी गंमत सी-टूमध्येच आहे. ‘एन चलं’ म्हणून सुरू होणारी प्रत्येक सिद्धता आधी दोन चलांत लिहून काढा.

१. सामान गोळा करा

- एका चलाचं कॉम्प्लेक्स ॲनालिसिस: कोशीचं इंटिग्रल सूत्र, लॉरां सिरीज, माँटेल, रुंगे, आणि सबहार्मोनिक फंक्शन्स. यातलं शेवटचं बहुतेक ठिकाणी घाईत उरकलेलं असतं आणि इथं तेच सगळ्यात जास्त लागतं.
- लिनिअर अल्जेब्रा: हर्मिशियन मॅट्रिक्स आणि ती एखाद्या सबस्पेसवर पॉझिटिव्ह आहे का हे तपासणं.
- हिल्बर्ट स्पेस: रीसचं प्रमेय, ॲडजॉइंट, क्लोज्ड ऑपरेटर. आठव्या पायरीपर्यंत याची गरज पडत नाही.
- डिफरन्शियल फॉर्म्स: डी-बार म्हणजे काय आणि डी-बार दोनदा लावला की शून्य का येतं, एवढं पुरे.
- एक जाड, कोऱ्या पानांची वही. चौकटीची किंवा एकरेघी नको, आकृत्या भरपूर येतात.

शीफ कोहोमॉलॉजी आधी पक्की करून मग इकडं वळतो, असं म्हणणारे बरेच जण शीफमध्येच राहतात. ती लागते, पण नंतर. आणि जे नेट या पात्रता परीक्षेच्या तयारीसाठी म्हणून हा विषय घेणार आहेत त्यांनी इथंच थांबावं. नेटच्या अभ्यासक्रमात एकाच चलाचं कॉम्प्लेक्स ॲनालिसिस आहे. परीक्षा आधी काढा, मग निवांत या.

वाचायला काय? मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये (पुढं नुसतं टाटा इन्स्टिट्यूट) मालग्रांज यांनी या विषयावर दिलेल्या व्याख्यानांच्या १९५८च्या टिपणांपासून सुरुवात करा. ती संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. टिपणं उतरवून घेणारे राघवन नरसिंहन तेव्हा जेमतेम विशीतले होते आणि पुढं याच विषयात त्यांचं नाव झालं. हॉर्मांडर यांचं १९६६चं पुस्तक जवळ ठेवा, पण पहिल्या दिवशी उघडू नका. त्यांच्या एका ओळीला आपली दोन पानं लागतात. विद्यानगरला शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून वाचायचा विचार असेल आणि तुम्ही सध्या तिथले विद्यार्थी नसाल, तर बाहेरच्या वाचकांसाठीचे नियम आधी विचारून घ्या.

२. वहीच्या पहिल्या पानावर पाच डोमेन लिहा

- बॉल: |झेड|² + |डब्ल्यू|² < १
- बायडिस्क: |झेड| < १ आणि |डब्ल्यू| < १
- कवच: १/४ < |झेड|² + |डब्ल्यू|² < १
- हार्टॉग्स आकृती: बायडिस्कमधले असे बिंदू, जिथं |झेड| < १/२ आहे किंवा |डब्ल्यू| > १/२ आहे
- हार्टॉग्स त्रिकोण: |झेड| < |डब्ल्यू| < १

पुढचं प्रत्येक प्रमेय या पाचांवर लावून बघायचं. प्रमेयाची अट कुठं लागू होते, कुठं मोडते, ते त्या-त्या डोमेनसमोर लिहायचं. पाचांपैकी तीनच स्यूडोकॉन्व्हेक्स आहेत. कुठली तीन ते आत्ता शोधू नका.

आकृती कशी काढायची? चार वास्तव मिती कागदावर मावत नाहीत, म्हणून आडव्या अक्षावर |झेड| आणि उभ्या अक्षावर |डब्ल्यू| घ्या. पाचही डोमेन अशा रीतीनं दिसतात, कारण ती फक्त या दोन मापांवर ठरतात. अशा डोमेनना राइनहार्ट डोमेन म्हणतात. शेजारी दुसरी आकृती काढा, तिच्यात दोन्ही मापांचे लॉगॅरिदम घ्या. ही दुसरी आकृती फार कामाची आहे.

३. एका चलाच्या सवयी मोडा

कोशीचं सूत्र, मॅक्सिमम प्रिन्सिपल, ल्यूव्हिल हे सगळं जसंच्या तसं येतं. घोटाळा होतो तो पुढच्या चार ठिकाणी.

पहिली गोष्ट शून्यांची. ‘लिमिट पॉइंट असलेल्या सेटवर फंक्शन शून्य, म्हणून सगळीकडं शून्य’ हे इथं चालत नाही. झेड हे फंक्शनच बघा, झेड = ० या अख्ख्या रेषेवर ते शून्य आहे. आयडेंटिटी थिअरमसाठी इथं ओपन सेट लागतो. शिवाय दोन चलांत एकटं, सुटं शून्य असूच शकत नाही. कारण चौथ्या पायरीनंतर तुम्हाला स्वतःलाच सांगता येईल.

दुसरी गोष्ट पॉवर सिरीजची. (झेड गुणिले डब्ल्यू) या राशीच्या सगळ्या घातांची बेरीज घ्या. ती |झेड·डब्ल्यू| < १ असताना अभिसारी होते. आता तिची ‘त्रिज्या’ किती? असा प्रश्नच इथं विचारता येत नाही. पण लॉगॅरिदमची आकृती काढा: दोन लॉगॅरिदमची बेरीज शून्याहून कमी, म्हणजे सरळ अर्धप्रतल. पॉवर सिरीजच्या अभिसरणाचं डोमेन लॉगॅरिदमच्या आकृतीत नेहमी कॉन्व्हेक्स दिसतं. स्यूडोकॉन्व्हेक्सिटीची पहिली ओळख ही, आणि ती पुस्तकातल्या व्याख्येच्या बऱ्याच आधी होते.

तिसरी, ओपन मॅपिंग. एका फंक्शनसाठी ते टिकतं, पण सी-टूमधून सी-टूमध्ये जाणाऱ्या मॅपसाठी नाही. (झेड, झेड·डब्ल्यू) या मॅपची प्रतिमा काढून बघा, मूळबिंदूपाशी ती ओपन नाही.

चौथी, रीमान मॅपिंग. बॉल आणि बायडिस्क या दोघांत बायहोलोमॉर्फिक (जाताना आणि परत येताना दोन्हीकडं होलोमॉर्फिक) मॅप नाही, हे प्वांकारे यांनी १९०७ मध्ये दाखवलं. दोन्ही डोमेनांत छिद्र नाही, दोन्ही दिसायला साधी, तरी ती वेगळी. मूळबिंदू जागेवर ठेवणारी ऑटोमॉर्फिझम्स (डोमेनचे स्वतःवरचेच बायहोलोमॉर्फिक मॅप) दोन्हीकडची लिहून काढा. बॉलला २×२ युनिटरी मॅट्रिक्स मिळतात आणि त्या आपसांत कम्यूट होत नाहीत. बायडिस्कला दोन स्वतंत्र फिरवण्या आणि एक अदलाबदल, बस्स.

४. हार्टॉग्सचं गणित स्वतःच्या हातानं करा

१९०६ सालचं हे काम. पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून इथं घाई नको.

हार्टॉग्स आकृतीवर एक होलोमॉर्फिक फंक्शन एफ घ्या. झेड पक्का धरा, |झेड| < १. त्या झेडसाठी |डब्ल्यू| = ०.९ हे वर्तुळ आपल्या डोमेनमध्येच आहे, कारण ०.९ हे १/२ पेक्षा मोठं आहे. या वर्तुळावर कोशीचं इंटिग्रल लिहा: एफ(झेड, झीटा) भागिले (झीटा वजा डब्ल्यू), समोर नेहमीचा १ भागिले २ पाय आय. येणाऱ्या फंक्शनला जी म्हणा.

आता तीन गोष्टी तपासा. एक, |झेड| < १ आणि |डब्ल्यू| < ०.९ या सगळ्या भागात जी होलोमॉर्फिक आहे, कारण इंटिग्रलच्या आतलं दोन्ही चलांत होलोमॉर्फिक आहे. दोन, |झेड| < १/२ असेल तर डब्ल्यूची अख्खी डिस्क डोमेनमध्ये आहे, म्हणून तिथं कोशीच्या सूत्रानं जी म्हणजे एफच. तीन, एफ आणि जी दोन्ही जिथं आहेत तो भाग जोडलेला आहे. म्हणून आयडेंटिटी थिअरमनं दोन्ही त्या सगळ्या भागात सारखी. झालं, एफ बायडिस्कभर पसरलं.

तिसरा मुद्दा बहुतेक जण गाळतात. भाग जोडलेला नसता तर सगळं कोसळलं असतं. आकृतीत तो भाग रंगवा आणि जोडलेला आहे हे डोळ्यांनी बघा. मग लॉगॅरिदमच्या आकृतीत हार्टॉग्स आकृती काढा. इंग्रजी एल उलटा ठेवल्यासारखा आकार येईल, कॉन्व्हेक्स नाही. त्याचा कॉन्व्हेक्स हल काढलात तर पूर्ण कोपरा भरतो, आणि तो कोपरा म्हणजेच बायडिस्क.

याचं मोठं रूप असं: सी-टूमधल्या डोमेनमधून एक कॉम्पॅक्ट सेट काढून टाका, उरलेला भाग जोडलेला राहू द्या, तर उरलेल्या भागावरचं प्रत्येक होलोमॉर्फिक फंक्शन काढलेल्या जागीही पसरतं. रंकाळ्यात संध्यामठ आहे. एका चलातलं फंक्शन पाण्यावर असेल तर मठाभोवती फिरताना त्याला मठ जाणवतो, १ भागिले झेडला मूळबिंदू जाणवतो तसा. रंकाळा सी-टूमध्ये असता तर एकाही फंक्शनला मठाचा पत्ता लागला नसता. कवचाचं तेच आहे: आतली पोकळी फंक्शन्सना दिसत नाही, कवचावरचं प्रत्येक फंक्शन अख्ख्या बॉलवर जातं. सुटं शून्य का असू शकत नाही तेही इथंच कळतं. तसं असतं तर १ भागिले एफ हे त्या बिंदूभोवती होलोमॉर्फिक असतं, मग बिंदूवरही पसरलं असतं, आणि ते शक्य नाही.

‘उरलेला भाग जोडलेला’ ही अट तोंडी परीक्षेत हमखास विसरतात. बॉलमधून आतल्या गोलाचं फक्त पृष्ठ काढून टाकलं तर आत एक आणि बाहेर दुसरी किंमत देऊन फंक्शन बनवता येतं, ते काही पसरत नाही.

५. डोमेन ऑफ होलोमॉर्फी: व्याख्या जपून वाचा

ज्याच्यावर असं एखादं होलोमॉर्फिक फंक्शन आहे, जे सीमेच्या कुठल्याही भागातून बाहेर नेता येत नाही, ते डोमेन ऑफ होलोमॉर्फी. ‘मोठ्या डोमेनवर पसरत नाही’ एवढं म्हणून भागत नाही. फंक्शन बाहेर जाऊन फिरून परत येताना वेगळी किंमत घेऊन येऊ शकतं, लॉगॅरिदम येतो तसं. म्हणून व्याख्या सीमेच्या तुकड्यांची भाषा बोलते आणि वाचायला किचकट होते. ती एकदाच नीट वाचा, मग कार्तान आणि थुलेन यांच्या १९३२च्या प्रमेयाकडं जा: डोमेन ऑफ होलोमॉर्फी आणि होलोमॉर्फिकली कॉन्व्हेक्स या दोन्ही एकच गोष्टी. होलोमॉर्फिकली कॉन्व्हेक्स म्हणजे असं: कॉम्पॅक्ट सेट घ्या, आणि ज्या बिंदूंवर कुठल्याही होलोमॉर्फिक फंक्शनचं माप त्या सेटवरच्या कमालीच्या मापाहून मोठं होत नाही ते सगळे बिंदू जोडा, तर मिळणारा सेटही डोमेनमध्ये कॉम्पॅक्टच राहतो. ही दुसरी अट तपासायला सोपी आहे.

कॉन्व्हेक्स डोमेन असेल तर काम दोन ओळींचं. सीमेवरच्या बिंदूपाशी आधार देणारं हायपरप्लेन घ्या, त्यातून कॉम्प्लेक्स लिनिअर फंक्शन बनवा आणि १ भागिले ते लिहा. बॉल आणि बायडिस्क निकालात निघाली.

आता हार्टॉग्स त्रिकोण. लॉगॅरिदमच्या आकृतीत तो कॉन्व्हेक्स आहे आणि तो डोमेन ऑफ होलोमॉर्फी आहे. झेड भागिले डब्ल्यू हे त्याच्यावरचं फंक्शन बघा: मापानं १ च्या आत राहतं, तरी मूळबिंदूकडं जाताना त्याला लिमिट नाही. पण त्रिकोणाचं क्लोजर घ्या आणि त्या क्लोजरच्या आसपास थोडं बाहेरपर्यंत होलोमॉर्फिक असलेलं फंक्शन घ्या. ते अख्ख्या बायडिस्कवर जातं! कारण मूळबिंदूभोवतीचा छोटा बॉल आता आपल्या हातात आहे. झेड लहान असेल तर डब्ल्यूची पूर्ण डिस्क मिळते: लहान डब्ल्यू त्या बॉलमधून, मोठे डब्ल्यू त्रिकोणातून. आणि |झेड| < १ असलेल्या कुठल्याही झेडसाठी |डब्ल्यू| = १ हे वर्तुळ मिळतंच. म्हणजे ही हार्टॉग्स आकृतीच झाली, चौथ्या पायरीचं गणित जसंच्या तसं लागू. थोडक्यात, हे डोमेन स्वतः चांगलं, पण बाहेरून चांगल्या डोमेननी त्याला घट्ट वेढता येत नाही. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात शिकवणारं उदाहरण हेच.

६. लेव्ही फॉर्म: सीमेवरचा एक आकडा

इटालियन गणिती ई. ई. लेव्ही यांनी १९१० च्या सुमारास विचारलं: नुसती सीमा बघून डोमेन ऑफ होलोमॉर्फी ओळखता येईल का? त्यांनी दिलेली अट आज आपण लेव्ही फॉर्मनं लिहितो.

डोमेन ‘रो < ०’ असं लिहा. रो हा वास्तव किमतींचा आणि दोनदा डिफरन्शिएबल हवा आणि सीमेवर त्याचा ग्रेडियंट शून्य नको. एकदा साध्या चलानं आणि एकदा बार चलानं डेरिव्हेटिव्ह घेऊन २×२ हर्मिशियन मॅट्रिक्स बनवा. ती सगळ्या दिशांवर तपासायची नसते, फक्त कॉम्प्लेक्स टँजंट दिशेवर. सी-टूमध्ये ही दिशा एकच असते: पहिला घटक रोचा डब्ल्यू-डेरिव्हेटिव्ह, दुसरा घटक वजा रोचा झेड-डेरिव्हेटिव्ह. म्हणून सीमेच्या प्रत्येक बिंदूवर एकच आकडा निघतो. तो कुठंही ऋण नसेल तर डोमेन स्यूडोकॉन्व्हेक्स, सगळीकडं धन असेल तर स्ट्रिक्टली स्यूडोकॉन्व्हेक्स.

करून बघा. बॉलवर रो = |झेड|² + |डब्ल्यू|² − १. मॅट्रिक्स आयडेंटिटी, दिशा (डब्ल्यू-बार, वजा झेड-बार), आकडा |झेड|² + |डब्ल्यू|², म्हणजे सीमेवर १. कवचाची आतली बाजू घ्या: रो = १/४ − |झेड|² − |डब्ल्यू|², आकडा येतो −१/४. नापास, आणि चौथ्या पायरीशी ते जुळतं. आता एक नवीन डोमेन: |झेड|² + |डब्ल्यू|⁴ < १. मॅट्रिक्सच्या कर्णावर १ आणि ४|डब्ल्यू|², दिशा (२|डब्ल्यू|² गुणिले डब्ल्यू-बार, वजा झेड-बार). गुणाकार करा, सीमेचं समीकरण वापरा, उत्तर नेमकं ४|डब्ल्यू|² येतं. म्हणजे डब्ल्यू = ० या वर्तुळावर आकडा शून्य, बाकी सगळीकडं धन. हे डोमेन स्यूडोकॉन्व्हेक्स आहे, स्ट्रिक्टली नाही.

इथले खड्डे सांगतो:

- मॅट्रिक्स सगळ्या दिशांवर पॉझिटिव्ह हवी असं समजून चांगलं डोमेन नापास करणं. दुसरा रो निवडला तर टँजंट दिशेवरचा आकडा फक्त धन पटीत बदलतो, चिन्ह बदलत नाही. बाकी दिशांवर मात्र काहीही होऊ शकतं.
- बायडिस्कवर लेव्ही फॉर्म सगळीकडं लावायला जाणं. |झेड| = |डब्ल्यू| = १ इथं सीमेला कोपरा आहे, तिथं तो लागूच होत नाही. सपाट भागावर आकडा शून्य येतो. कोपऱ्यांसाठी सातवी पायरी.
- स्यूडोकॉन्व्हेक्स म्हणजे चलं बदलून कॉन्व्हेक्स करता येणारं, असं धरून चालणं. स्ट्रिक्टली असेल तर प्रत्येक सीमाबिंदूपाशी स्थानिक पातळीवर हे खरं आहे. नुसतं स्यूडोकॉन्व्हेक्स असेल तर नाही, जे. जे. कोन आणि लुई नीरेनबर्ग या गणितींनी १९७३ मध्ये उदाहरणच दिलं.
- इंटरनेटवर नुसतं ‘स्यूडोकॉन्व्हेक्स’ शोधणं. ऑप्टिमायझेशनमध्ये याच नावाची वेगळीच फंक्शन्स आहेत, निम्मे निकाल तिकडचे येतात. सोबत ‘लेव्ही’ टाका.

७. प्लुरिसबहार्मोनिक फंक्शन्स

प्रत्येक कॉम्प्लेक्स रेषेवर सबहार्मोनिक असलेलं फंक्शन ते प्लुरिसबहार्मोनिक. ओका आणि लेलाँ यांनी १९४२ मध्ये, एकमेकांपासून दूर बसून, ही कल्पना आणली. |एफ|चा लॉगॅरिदम हे पहिलं उदाहरण.

‘प्रत्येक रेषेवर’ यात तिरप्या रेषाही येतात. झेड गुणिले डब्ल्यू-बार याचा वास्तव भाग घ्या: झेड पक्का धरला किंवा डब्ल्यू पक्का धरला तर हार्मोनिक, पण झेड = −डब्ल्यू या रेषेवर वजा |डब्ल्यू|² होतो. आणि २|झेड|² − |डब्ल्यू|² हे चार वास्तव चलांत सबहार्मोनिक आहे, तरी डब्ल्यूच्या दिशेनं नापास.

सीमा कशीही असो, स्यूडोकॉन्व्हेक्स म्हणजे ज्याच्यावर सीमेकडं जाताना अनंताकडं जाणारं, कंटिन्युअस, प्लुरिसबहार्मोनिक फंक्शन आहे असं डोमेन. सीमेपर्यंतच्या अंतराचा वजा लॉगॅरिदम घेऊन तपासा. बायडिस्क आणि हार्टॉग्स त्रिकोण इथं पास होतात. दुसऱ्या पायरीतलं कोडं सुटलं: बॉल, बायडिस्क, त्रिकोण.

८. लेव्ही प्रॉब्लेम आणि डी-बार

डोमेन ऑफ होलोमॉर्फी स्यूडोकॉन्व्हेक्स असतं, ही सोपी बाजू. उलट बाजू, म्हणजे स्यूडोकॉन्व्हेक्स असेल तर डोमेन ऑफ होलोमॉर्फी असतं का, याला लेव्ही प्रॉब्लेम म्हणतात. सी-टूसाठी तो जपानच्या कियोशी ओका यांनी १९४२ मध्ये सोडवला. एन चलांसाठी १९५३–५४ मध्ये ओका, ब्रेमरमान आणि नॉर्गे यांनी स्वतंत्रपणे. ग्राउअर्ट यांनी १९५८ मध्ये मॅनिफोल्डसाठी मार्ग काढला आणि १९६१ मध्ये नरसिंहन यांनी कॉम्प्लेक्स स्पेससाठी. होय, तेच, मुंबईत टिपणं घेणारे.

अवघड काय आहे? प्लुरिसबहार्मोनिक फंक्शन बनवणं सोपं, ते कापता येतं, जोडता येतं. होलोमॉर्फिक फंक्शन ताठर, एका ठिकाणी ठरलं की सगळीकडं ठरलं. मऊ वस्तूतून ताठर वस्तू काढायची आहे. हॉर्मांडर यांचं १९६५चं प्रमेय हे काम करतं: स्यूडोकॉन्व्हेक्स डोमेन, त्यावर कुठलंही प्लुरिसबहार्मोनिक फाय, आणि डी-बार लावला की शून्य होणारा (०,१) फॉर्म अल्फा. तर ‘यूचा डी-बार = अल्फा’ याचं असं उत्तर यू मिळतं की |यू|² गुणिले ई-चा-वजा-फाय-घात, भागिले (१ + |झेड|² + |डब्ल्यू|²)चा वर्ग, याचं इंटिग्रल |अल्फा|² गुणिले ई-चा-वजा-फाय-घात याच्या इंटिग्रलपेक्षा मोठं नसतं.

सिद्धता पहिल्या वाचनात सोडून दिली तरी चालेल. वापर मात्र लगेच शिका. समजा, डोमेन बाउंडेड आहे आणि ए या बिंदूवर किंमत १ असणारं, एकूण मापानं ताब्यात राहणारं होलोमॉर्फिक फंक्शन हवंय. एभोवती १ आणि थोडं दूर ० असं गुळगुळीत फंक्शन घ्या, त्याला ‘काय’ (ग्रीक अक्षर χ) म्हणा. ते होलोमॉर्फिक नाही, पण त्याचा डी-बार फक्त मधल्या पट्ट्यात आहे. आता फाय = एपासूनच्या अंतराच्या लॉगॅरिदमची ४ पट. पट्टा एपासून लांब आहे, म्हणून उजवीकडचं इंटिग्रल मर्यादित. प्रमेयानं यू मिळतो. डावीकडं ई-चा-वजा-फाय-घात म्हणजे १ भागिले अंतराचा चौथा घात, आणि चार वास्तव मितींत त्याचं एभोवतीचं इंटिग्रल अनंत होतं. तरी एकूण मर्यादित राहायचं तर यूला ए या बिंदूवर शून्य व्हावंच लागतं. ‘काय’ वजा यू होलोमॉर्फिक, आणि ए वर किंमत १. वजनात खड्डा पाडून उत्तराला हव्या त्या बिंदूवर शून्य करायला लावायचं, ही युक्ती पुढं शंभर ठिकाणी भेटते. ४ ऐवजी ६ पट घेतली तर पहिली डेरिव्हेटिव्ह्जही ताब्यात येतात, ते स्वतः पडताळा.

चौथ्या पायरीतल्या मोठ्या प्रमेयाची एरेनप्राइस यांची १९६१ची सिद्धताही डी-बारचीच आहे, कॉम्पॅक्ट सपोर्ट असलेल्या उत्तराची. एका चलात ती नेमकी कुठं अडते ते शोधा.

९. सीमेवर काय होतं

यावर इथं थोडंच, कारण हा दुसऱ्या वर्षाचा अभ्यास. बर्गमन कर्नल शिका, म्हणजे स्क्वेअर-इंटिग्रेबल होलोमॉर्फिक फंक्शन्सच्या हिल्बर्ट स्पेसचा रिप्रोड्यूसिंग कर्नल. सी-टूच्या बॉलसाठी तो कर्णावर २ भागिले पायचा वर्ग, गुणिले (१ − |झेड|² − |डब्ल्यू|²)चा वजा तिसरा घात. बायडिस्कच्या सपाट बाजूकडं जाताना मात्र तो अंतराच्या वजा दुसऱ्या घातानंच वाढतो. सीमेचा आकार कर्नलच्या वाढीत उमटतो. फेफरमन यांनी १९७४ मध्ये गुळगुळीत सीमेच्या स्ट्रिक्टली स्यूडोकॉन्व्हेक्स डोमेनांमधले बायहोलोमॉर्फिक मॅप सीमेपर्यंत गुळगुळीत जातात हे सिद्ध केलं. नुसत्या स्यूडोकॉन्व्हेक्सला गाडी अडते. डीडरिश आणि फोर्नेस यांचं १९७७चं ‘वर्म डोमेन’ सीमेनं गुळगुळीत आहे, पण पुरेसे पीळ दिले की हार्टॉग्स त्रिकोणासारखंच बाहेरून घट्ट वेढता येत नाही. त्याच्यावर बर्गमन प्रोजेक्शनही (त्याच हिल्बर्ट स्पेसवरचं ऑर्थोगोनल प्रोजेक्शन) सीमेपर्यंतचा गुळगुळीतपणा राखत नाही, हे क्राइस्ट यांनी १९९६ मध्ये दाखवलं.

१०. कोल्हापूरच्या बाहेर पाऊल टाकताना

एकट्यानं सातव्या पायरीपर्यंत येता येतं. आठवीला कुणीतरी फळ्यासमोर हवं. नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्स, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट आणि आय.आय.टी. मुंबई यांचं संयुक्त केंद्र, देशभर गणिताच्या शाळा भरवतं. त्यांच्या संकेतस्थळावरची यादी बघत राहा. पीएच.डी.साठी बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, पुण्याची आयसर, आय.आय.टी. मुंबई आणि टाटा इन्स्टिट्यूट ही नावं आधी बघा. प्राध्यापकांच्या पानांवर जाऊन कोण नेमकं काय करतंय ते वाचा. आर्काइव्ह (arXiv) या संशोधन-लेखांच्या मुक्त संकेतस्थळावर मॅथ-सीव्ही (math.CV) या विभागात रोज नवे लेख येतात. सुरुवातीला फक्त प्रस्तावना वाचल्या तरी शब्द कानावर पडतात.

तयार ठेवायचं सामान:

- सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, एका पीडीएफमध्ये
- नेट, एन.बी.एच.एम. (नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्स) किंवा गेट या परीक्षांचा निकाल, असेल तर
- तुम्हाला खरोखर शिकवलेल्या दोन शिक्षकांची शिफारसपत्रं. नामवंत पण तुम्हाला न ओळखणाऱ्या व्यक्तीचं पत्र कुणी दोनदा वाचत नाही
- लाटेक (LaTeX) या गणित टाइप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं, स्वतः केलेलं दोन-तीन पानांचं गणित

शेवटच्या गोष्टीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. हार्टॉग्स त्रिकोणाचं क्लोजर किंवा |झेड|² + |डब्ल्यू|⁴ < १चा लेव्ही फॉर्म, जे नीट जमलंय ते लिहा. मुलाखतीत बहुधा एका चलाचं आणि लिनिअर अल्जेब्राचं विचारतात, म्हणून तेही घासून ठेवा.

प्राध्यापकांना ईमेल करताना ‘मला आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करायची तीव्र इच्छा आहे’ असली वाक्यं नकोत. काय वाचलं, कुठल्या पानावर अडलं, हे चार ओळींत लिहा आणि ते पीडीएफ जोडा. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा. तरीही आलं नाही तर यादीतल्या पुढच्या नावाला लिहा.